मीटरचा दुभाषा

"बोलत काही नाही ती. पण इंग्लिश मिडियमची आहे, मॅन्युअल वाचायला बरी पडेल."

रॅकच्या पलीकडून भाऊंचा आवाज आला. अलीकडे मी स्टुलावर बसले होते आणि ते मॅन्युअल माझ्या मांडीवर होतं.

"आणि वाचून झाल्यावर?" स्टोअरवाल्यांनी विचारलं.

"झाल्यावर काय, शाळा आहेतच की धुळ्याला. शिकवेल पोरांना ए फॉर ॲपल."

दोघं हसले. हसण्यात वाईटपणा नव्हता; चहा पिताना माणसं हसतात तसं ते हसणं होतं. मी पान उलटायचं थांबवलं. कागद वाजला असता तर मी इथे आहे हे त्यांना कळलं असतं आणि ते ओशाळले असते. त्यांनी ओशाळावं आणि मी ते बघावं, यापेक्षा न उलटलेलं पान बरं. त्या वयात मी बरेच निर्णय असेच घेत असे.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत एका लहान कारखान्यात मी नुकती लागले होते. शेतातल्या पाण्याच्या मोटारींसाठी आम्ही एक डबा बनवायचो. पत्रकावर त्याचं नाव लांबलचक होतं, पण कारखान्यात, दुकानात आणि शेतात सगळे त्याला डबाच म्हणत. मोटारीला विजेचे तीन फेज लागतात. त्यातल्या एकाचा दाब फार उतरला आणि मोटार तशीच चालत राहिली, तर ती आतून जळते. डब्याचं काम एवढंच, की तिन्ही फेजवर नजर ठेवायची आणि एक जरी ठरलेल्या मर्यादेखाली गेला तरी मोटार बंद करायची. या बंद करण्याला 'ट्रिप होणं' म्हणत. ती मर्यादा डब्यातल्या एका बारीक स्क्रूने ठरवता येई. स्क्रू जागेवर असला तर मोटार वाचली, ढळला तर गेली.

डबे तपासायचं काम भाऊंकडे होतं. ते वयाने माझ्या वडिलांएवढे, यावलकडचे, हाताला फार चलाख. त्यांची पद्धत सरळ होती. डबा जोडायचा, एका फेजचा फ्यूज ओढून काढायचा, डब्याने खट् केलं की पास. बरीच वर्षं एवढ्यावर भागलं होतं. पण धुळ्याचे एक मोठे पंपविक्रेते होते, सगळे त्यांना नाना म्हणत. त्यांनी मोठी मागणी दिली आणि अट घातली, की डबा नेमका किती व्होल्टला ट्रिप होतो तो आकडा प्रत्येक डब्यावर छापलेला हवा. म्हणून साहेबांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, एक परदेशी मीटर आणला, एक कॉम्प्युटर आणला, आणि त्या दोघांची ओळख करून द्यायला मला आणलं.

ती ओळख करून देतो तो ड्रायव्हर. मीटरच्या पाठीतून अंगठ्याएवढी जाड केबल निघून कॉम्प्युटरमधल्या कार्डात जात होती. पण केबल म्हणजे नुसता रस्ता. कॉम्प्युटरने काय विचारलं ते मीटरला कळेल असं सांगायचं आणि मीटरचं उत्तर परत आणायचं, हे काम ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम करतो. मी मनात त्याला दुभाषा म्हणायचे. दुभाषे मी लहानपणीच पाहिले होते. धुळ्याला आमच्या शाळेत पालकांना बोलावलं की मधे एक बाई बसत. सिस्टर इंग्रजीत एक वाक्य बोलत आणि बाई मराठीत पाच बोलत, त्यातली चार त्यांची स्वतःची. माझे वडील पाचही वाक्यांना मान डोलवत. मला दोन्हीकडचं कळायचं आणि मी खाली बघत बसायचे.

माझ्यापुढे तीन ड्रायव्हर होते. त्यातला एक धुळ्याच्या कॉलेजातून कुणीतरी उतरवून दिलेला. तो चढवला की कॉम्प्युटर जागच्या जागी गोठायचा, म्हणून तो लगेचच बाद झाला. राहिले दोन.

पहिला पुण्याहून आला, मीटर विकणाऱ्यांच्या प्रतिनिधीबरोबर. फ्लॉपींचा गठ्ठा होता. चढवायला अर्धी सकाळ गेली, पण पडद्यावर जे उमटलं ते बघायला पॅकिंगच्या बायकाही येऊन उभ्या राहिल्या. रंगीत गोल तबकडी, तिच्यात हलणारी सुई, पास झाला की हिरवा दिवा, नापास झाला की लाल. खरं तर तो याच घराण्यातल्या नव्या मीटरसाठी केलेला होता. मी तसं दबकत विचारलं, तर प्रतिनिधी म्हणाला, "भाऊबंद आहेत मॅडम, एकमेकांचं ऐकतात."

त्याने करून दाखवलं. टेबलावर एक हँडल होतं. ते फिरवलं की एका फेजचा दाब खाली येई. दुधाला साय धरताना भांडं हलवू नये तसं त्याने ते दोन बोटांनी हळू फिरवलं. सुई उतरत गेली, डब्याने खट् केलं, आकडा थांबला. तीनशे चाळीस, हवी होती तीच मर्यादा. हिरवा दिवा.

"बघा साहेब. उद्या मॅडम रजेवर गेल्या तरी काम थांबायचं नाही."

साहेब प्रसन्न दिसले. काही दिवस वापरून बघा, मग पैसे द्या, असं ठरलं. भाऊंनी नानांच्या डब्यांचे स्क्रू त्याच ड्रायव्हरवर लावायला सुरुवात केली आणि फाटकाजवळ खोक्यांची रांग वाढू लागली.

दुसरा ड्रायव्हर कार्डाबरोबरच आला होता. एक फ्लॉपी आणि पातळसं पुस्तक. त्यात चित्र नाही, सुई नाही. तुम्ही द्याल तो हुकूम तो मीटरला जशाचा तसा पोचवणार आणि उत्तर जसंच्या तसं आणून देणार; मधलं सगळं आपण लिहायचं. जेवणाच्या सुट्टीत कॉम्प्युटर मोकळा असायचा, तेव्हा मी त्याच्याशी बसायचे. काळ्या पडद्यावर पांढरे आकडे, एकाखाली एक.

"हे कशाला?" भाऊंनी एकदा डबा उघडताना विचारलं.

"असंच. बघतेय."

"बघा बघा. तिकडे रंगीत असताना इकडे ब्लॅक अँड व्हाईट."

खरं सांगायचं तर मलाही नीट माहीत नव्हतं कशाला. पुढच्या शनिवारी ते कळलं.

शनिवारी मी एसटीने धुळ्याला घरी जायचे. पारोळा वाटेतच. पारोळ्याजवळच्या गावात माझी आत्या राहायची, मळा स्वतः बघायची. तिचा निरोप होता की येता-जाता उतर, काम आहे. मी उतरले, तेव्हा ती विहिरीवरच्या खोलीत होती आणि मोटार जागेवर नव्हती.

"ये व माय, बठ. पानी पी." मग तिने भिंतीकडे बोट केलं. "तुमना डबा लायेल व्हता, तरी मोटर जळनी."

भिंतीवर आमचाच डबा होता. मी आधी तो बघितला, मग तिच्याकडे.

"ट्रिप झाला नाही?"

"कसाना ट्रिप! खट बी नही वाजना."

मोटार रिवाइंडिंगला धुळ्याला गेली होती आणि बाहेर कांद्याची पात माना टाकून पडली होती. मी स्टार्टरचं झाकण उघडलं. आत दोन जाडजूड कंडेन्सर तारांनी बांधून ठेवलेले.

"हे काय आत्या?"

"कंडेन्सर. दुपारले दोनच फेज ऱ्हातस. मंग तिसरा कथाईन आनू?"

हे मला अगदीच ठाऊक नव्हतं असं नाही. खेड्यांना दिवसाचे काही तास दोनच फेज येत, म्हणजे घरातले दिवे लागावेत पण मोटारी चालू नयेत. मग लोक कंडेन्सर लावून तिसरा फेज तयार करत आणि मोटार चालवत. आमच्या पत्रकावर ठळक अक्षरात लिहिलेलं होतं, की दोन फेजवर मोटार चालवू नये. मी ते आत्याला सांगितलं.

"बठ्ठा लावतस." सगळेच लावतात, म्हणून ती हसली. "तुमना साहेबना मळामा बी व्हई, इचार त्यासले. इंग्रजी शाळामा हाई शिकाडं नही वाटतं?"

मी तिथेच पाटावर बसून राहिले. कंडेन्सरने उभा केलेला फेज उसना असतो. मोटार रिकामी फिरते तोवर तो ताठ उभा राहतो. पाइपात पाणी चढायला लागलं, भार वाढला, की तो वाकत जातो. खऱ्या फेजसारखा तुटून पडत नाही. म्हणजे भाऊ फ्यूज ओढून जे तपासायचे ते या विहिरीवर कधी घडतच नव्हतं. फ्यूज ओढला की दाब शून्यावर येतो. मग स्क्रू कुठेही असो, डबा खट् करणारच. इथे मात्र सगळं त्या स्क्रूवर होतं.

मी डबा काढून पिशवीत टाकला. आत्या दारापर्यंत आली.

"ने. पन परत आनशी त चांगला आन, नही त नको आनू."

ती रागावलेली नव्हती, म्हणूनच ते वाक्य धुळ्यापर्यंत माझ्याबरोबर आलं.

सोमवारी मी तो डबा टेबलावर ठेवला. भाऊंनी जोडला, मनगटाच्या एका झटक्यात हँडल फिरवलं. खट्. पडद्यावर तीनशे चाळीस, हिरवा दिवा.

"पास. तुमच्या आत्याची मोटारच जुनी असेल, ताई."

जेवणाच्या सुट्टीत मी तोच डबा काळ्या पडद्यावर जोडला आणि भाऊंसारखंच झटक्यात हँडल फिरवलं. आकडे भराभर धावत खाली गेले. तीनशे चाळीस कधी मागे पडलं ते कळलंही नाही. खट् झालं तेव्हा शेवटचा आकडा दोनशे नव्वदच्या जवळ होता. पुन्हा केलं. पुन्हा तिथेच.

माझा पहिला विचार असा, की चूक माझी. मी हँडल एका जागी स्थिर ठेवून दोन्ही ड्रायव्हरवर आकडा वाचला, तर दशांशापर्यंत सारखा. हळू फिरवलं, तरी जवळजवळ सारखा. फरक फक्त घाईत पडत होता. मग कपाटातला जुना सुईचा व्होल्टमीटर शेजारी लावला आणि परत फिरवलं. खट् झालं तेव्हा त्याची सुईही दोनशे नव्वदलाच होती.

मी पुण्याच्या ड्रायव्हरचं पुस्तक घेऊन बसले. शेवटच्या पानांत, बारीक टाइपात, ते लिहिलेलं होतं. प्रत्येक आकडा वाचण्याआधी तो ड्रायव्हर मीटरला रिसेट करायचा, म्हणजे आधीचं सगळं विसरायला लावायचा. मग मीटरला स्वतःची रेंज, म्हणजे मोजायची पट्टी, शोधू द्यायचा. मग स्थिर होण्याची वाट बघायचा. मग वाचायचा. तोवर पडद्यावर आधीचाच आकडा उभा. प्रयोगशाळेत ही चांगली सवय असेल. आमच्याकडे तेवढ्या वेळात भाऊंचं मनगट फिरून झालेलं असायचं. डबा दोनशे नव्वदला ट्रिप व्हायचा आणि पडदा मघाचा तीनशे चाळीस दाखवायचा. तो आकडा खोटा नव्हता. शिळा होता.

आणि भाऊ त्या शिळ्या आकड्यावर नानांच्या डब्यांचे स्क्रू लावत होते. फाटकाजवळची सगळी खोकी. फ्यूज ओढून बघितली असती तर एकूणएक पास झाली असती. कंडेन्सर असलेल्या विहिरीवर मात्र ती आत्याच्या डब्यासारखीच भिंतीवर गप्प बसणार होती.

मी भाऊंकडे गेले.

"भाऊ, हँडल जरा हळू फिरवलं तर आकडा बदलतो."

"ताई, संध्याकाळपर्यंत एवढा माल काढायचाय. मी काय पाळण्याची दोरी ओढत बसू?"

"मग कंडेन्सर लावून एकदा तपासू या का?"

त्यांनी मान वर केली. "कंडेन्सर? तो लावायचा नसतो. पत्रकावर लिहिलंय आपल्या."

"पण लावतात."

"लावतात ते त्यांच्या जबाबदारीवर."

"तुमच्या मळ्यात?"

त्यांनी पुढचा डबा ओढला. "आमचं वेगळं आहे. आमची मोटार भारी आहे."

तेव्हा मला कळलं, की हा एका माणसाचा हट्ट नाही. कारखान्यातल्या ज्याला ज्याला शेत होतं, त्याच्या त्याच्या विहिरीवर कंडेन्सर होता; पण कारखान्याच्या फाटकातून आत आलं की कंडेन्सर नावाची वस्तू जगात नव्हती. साहेबही दुपारी "लाईट आली, मळ्यात जाऊन येतो" म्हणून जीप काढायचे आणि परत येऊन त्याच पत्रकाच्या पुढच्या छपाईवर सही करायचे. जे करायचं नसतं ते तपासायचंही नसतं, असा काहीसा हिशेब होता.

त्या दिवशी मी साहेबांच्या केबिनमध्येही गेले. सांगायचं वाक्य मनात आधी इंग्रजीत जुळवलं होतं, मग मराठीत. साहेब फोनवर होते. फोन ठेवून म्हणाले, "काय, झालं वाचून?"

"हो सर," मी म्हणाले आणि बाहेर आले.

दारापासून टेबलापर्यंत येता येता मी ठरवलं, की बोलता येत नसेल तर निदान तयार राहायचं. पुण्याच्या प्रतिनिधीला ऑफिसातून फोन केला. मला इंग्रजीत बोलायला मोकळं वाटायचं, त्यामुळे नीट विचारता आलं: रिसेट बंद करता येईल का, रेंज बांधून ठेवता येईल का. तो म्हणाला, तशी सोय पुढच्या आवृत्तीत येईल. मी फ्लॉपीत शिरायचं कुठे दार सापडतं का तेही बघितलं. सगळं बंद होतं. सुई आणि दिवे तेवढे बाहेर. मग मी तो नाद सोडला. मीटरच्या मॅन्युअलमधले हुकूम एकेक करून साध्या ड्रायव्हरमधून पाठवले. रेंज आधीच सांगून टाकायची. रिसेट एकदाच, अगदी सुरुवातीला. वाट बघायची नाही, येईल तो आकडा घ्यायचा. आणि खट् झाल्या क्षणीचा आकडा बाजूला धरून ठेवायचा. यातला प्रत्येक हुकूम लिहिताना मला त्याचं कारण माहीत होतं, आणि तसं त्या कारखान्यात माझ्या बाबतीत आधी काही झालं नव्हतं.

माल न्यायच्या दिवशी नाना स्वतः आले. त्यांच्यामागे टेम्पो. पुण्याचा प्रतिनिधीही आला होता, साहेबांची सही घ्यायला. टेम्पो भरायला लागले आणि इकडे साहेबांनी नानांना टेबलाशी आणलं. प्रतिनिधीने पहिल्या दिवशीचाच डबा लावून दोन बोटांनी हँडल फिरवलं, सुई उतरली, हिरवा दिवा लागला.

"वा," नाना म्हणाले. "चित्रपट चांगला आहे. अजून काही?"

मी टेबलाखालून पिशवी काढली. आत्याचे कंडेन्सर मी मधल्या शनिवारी मागून आणले होते. ते मी टेबलावर ठेवले. आधी बोलायला गेले असते तर ठेवायचं राहून गेलं असतं.

"ताई," भाऊ हळूच म्हणाले, "काय करताय?"

साहेबांनी कपाळाला आठी घातली. "हे इथे कशाला आणलं?"

"अहो, असू द्या," नाना म्हणाले. "माझ्या दुकानातून पेटीने खपतात हे. तुम्हीच मागच्या महिन्यात नेला की एक."

पॅकिंगच्या बायकांमध्ये कुणीतरी हसलं. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. मी भिंतीपाशी गेले, तिथे डबे तपासायला कायम एक मोटार असायची; तिचा एक फ्यूज काढला आणि त्या जागी कंडेन्सर जोडला. मोटारीच्या चाकावर पट्टा होता. तो आवळला की भार वाढे. भरलेल्या खोक्यांतला एक डबा काढून लावला आणि प्रतिनिधीकडे बघून हाताने 'तुम्ही आधी' अशी खूण केली. भाऊंनी पट्टा धरला.

मोटार सुरू झाली. भाऊ नेहमीच्या घाईने पट्टा आवळत गेले. पडद्यावरची सुई जरा उतरली, थांबली, पुन्हा जरा उतरली. मोटारीचा आवाज जड झाला, घोगरा झाला, आणि मग उशिराने डब्याने खट् केलं. तीनशे पंचेचाळीस. हिरवा दिवा.

"पास," प्रतिनिधी म्हणाला.

"आवाज काही पास झाल्यासारखा नव्हता," नाना म्हणाले.

मी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला. तो काळ्या पडद्यावर येईपर्यंत वाट बघितली. मोटार जरा निवली. तोच डबा, तोच पट्टा. आकडे धावू लागले. तीनशे नव्वद. तीनशे साठ. तीनशे चाळीस गेलं, तीनशे वीस गेलं. मोटार घोगरी झाली. वॉर्निश तापल्याचा वास आला. खट्. दोनशे ब्याण्णव.

भाऊंनी मोटारीच्या पाठीवर तळहात ठेवला आणि चटकन काढला.

"मॅडमच्या प्रोग्रॅममध्ये काहीतरी राहिलं असेल," प्रतिनिधी साहेबांना म्हणाला. "हे ड्रायव्हर जगभर चालतात, सर. नामांकित ठिकाणी."

"थांबा," भाऊ म्हणाले. ते कपाटाकडे गेले आणि सुईचा व्होल्टमीटर घेऊन आले. माझ्याकडे न बघता तो जोडला. "आता मी वाचतो. पट्टा कुणीतरी धरा."

पट्टा नानांनी धरला, धोतर सावरून. सगळे त्या एका सुईवर वाकले. खट् झालं तेव्हा भाऊ बराच वेळ सुईकडे बघत राहिले, जणू ती परत वर जाणार होती.

"दोनशे नव्वद," ते म्हणाले. "असंच काहीतरी."

बाहेर टेम्पोवाल्याने फळकं लावल्याचा आवाज आला. माल भरून झाला होता. प्रतिनिधी काहीतरी आवृत्तीबद्दल बोलू लागला, साहेबांनी त्याला हाताने थांबवलं. त्यांना राग आला होता, पण कुणाचा ते त्यांना ठरवता येत नव्हतं.

"हे बघा," ते शेवटी म्हणाले, "माल काही वाईट नाही. फ्यूज काढला की ट्रिप होतोच ना? पत्रकावर जे लिहिलंय त्याप्रमाणे माल बरोबर आहे. आजचा जाऊ द्या. ड्रायव्हरचं आपण मग सावकाश बघू. काय भाऊ?"

भाऊंनी पट्ट्याची गुंडाळी करायला घेतली. प्रतिनिधीने मान हलवली. नाना खिशातून रुमाल काढून हात पुसत होते आणि पुसता पुसता माझ्याकडे बघत होते. मोटारीचा वास अजून होता. मनात वाक्य नेहमीसारखं आधी इंग्रजीत आलं. ते मराठीत नीट जुळेपर्यंत थांबले असते, तर टेम्पो फाटकाबाहेर गेला असता.

"साधा ड्रायव्हर ठेवायचा, सर," मी म्हणाले. "आणि टेम्पो खाली करायला सांगा. एकूणएक डब्याचा स्क्रू मी परत लावून देते."